मांजर सगळ्यांचं, बिल एकटीचं

रस्त्यावरच्या मांजरांना रोज खायला घालणाऱ्या बाईचा महिना कसा चाललाय, हे तिला विचारावं लागत नाही. वाटीत काय पडतंय ते बघा. पगाराच्या आठवड्यात पाकिटातल्या गोळ्या असतात. पंधरा तारखेच्या सुमारास गोळ्यांत भात मिसळला जातो. वीस तारखेनंतर चिकनवाल्याकडून आणलेल्या माना आणि पाय उकळले जातात. शेवटच्या चार दिवसांत तिच्या स्वतःच्या ताटातला अर्धा बोंबील खाली जातो.

ही माणसं कोण आहेत? चार घरी पोळ्या करणारी बाई. शिलाई मशीनवर फॉल-पिको करणारी. पेन्शनवर जगणारी शिक्षिका. मेसचा डबा लावलेली कॉलेजची मुलगी. रात्रपाळीचा वॉचमन. टोपलीतली उरलेली मांदेली बाजूला काढून ठेवणारी कोळीण. मी ज्यांना ओळखते त्यांत मोठ्या पगाराची माणसं फार थोडी आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. भटकी मांजरं सांभाळणं हे गावाचं काम आहे, आणि आपण ते गावातल्या सर्वांत कमी कमावणाऱ्यांवर सोडून दिलंय. हे अन्यायाचं आहे. महागाईच्या दिवसांत हाती असलेला रुपया आधी नसबंदीवर जायला हवा, आणि तो रुपया एकटीच्या पर्समधून न जाता सगळ्यांच्या खिशातून जायला हवा.

हिशेब मांडू

चार किलोच्या प्रौढ मांजराला दिवसाला ५०-६० ग्रॅम कोरडं खाणं लागतं. महिन्याला दीड-पावणेदोन किलो. साध्या ब्रँडची पिशवी किलोमागे तीनशे-चारशे रुपयांना पडते. म्हणजे एका मांजरामागे साधारण साडेचारशे ते सातशे रुपये. जिन्याखाली दहा मांजरं असली तर महिन्याला पाच ते सात हजार. पोळ्या लाटून पंधरा हजार मिळवणाऱ्या बाईच्या मिळकतीचा हा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त.

हे झालं नुसतं जेवण. मांजर आजारी पडलं की खरा खर्च सुरू होतो, आणि त्यात औषधापेक्षा रिक्षा महाग पडते. बोक्यांच्या मारामारीत मानेवर गळू झालं, तर ते फोडून साफ करायचं, मग एक दिवसाआड ड्रेसिंग. प्रत्येक वेळी पिंजरा घेऊन जायचं आणि यायचं. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, टॅक्सीचं २८ वरून ३१. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचं साधं किमान तिकीट ५ रुपयांवरून थेट १० वर गेलं. एप्रिलमध्ये घरगुती गॅस सिलिंडर ५० रुपयांनी वाढला होताच. माना-पाय उकळायचे म्हणजे तोच गॅस जळतो.

प्रत्येक वाढ ऐकायला तीन, पाच, पन्नास रुपयांची. पण ती बाई या सगळ्या वाढी एकाच महिन्यात भरते, आणि तिला पोळीमागे मिळणारे पैसे मात्र कुणी परिपत्रक काढून वाढवत नाही. मग ती काय कापते? स्वतःचा चष्मा पुढे ढकलते. दात दुखतो, पण लवंग धरून दिवस काढते. दवाखान्यातली उधारी फेडायला भिशी लवकर उचलते. हे मी पाहिलंय, आणि ज्या इमारतीत हे चालतं तिथल्या वरच्या मजल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

अठरा टक्के

पाकीटबंद मांजर-कुत्र्यांच्या खाद्यावर जीएसटी १८ टक्के आहे. २०१७ साली हा कर आला तेव्हा गुरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य शून्यात ठेवलं गेलं. ते योग्यच होतं, शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. मांजराचं खाणं मात्र हौसेच्या वस्तूंच्या रांगेत गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची मोठी फेरमांडणी झाली, पाकीटबंद पनीर करमुक्त झालं. मांजराच्या गोळ्या १८ वरच राहिल्या.

सातशे रुपयांच्या खाण्यात १०७ रुपये कर आहे. दहा मांजरांमागे महिन्याला हजार रुपयांच्या वर. म्हणजे जी बाई महापालिकेचं काम फुकट करते, तिच्याकडूनच सरकार त्या कामावर कर घेतं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपणाऱ्या मांजराचा मालक तो कर सहज भरेल. पण दुकानदाराच्या गल्ल्यावर रस्त्यावरची मांजरं आणि सोफ्यावरची मांजरं यांत फरक होत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचार-सेवेला जीएसटीतून सूट आहे. त्यामागचा विचार खाण्यालाही लावा आणि हा दर खाली आणा.

पन्नास रुपयांचा कायदा

पाळलेल्या प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

बेस्टचं तिकीट दुप्पट झालं, गॅस वाढला, भाडी वाढली. मांजर फेकून देण्याची किंमत तेवढी वाढली नाही. त्या पन्नास रुपयांत आज मांजराला दवाखान्यापर्यंत नेऊन परत आणता येत नाही. गुन्हा करणाऱ्याला ५० आणि त्याने टाकलेलं मांजर उचलणाऱ्याला पाच हजार, असा हा कायदा आहे. तो बदलायलाच हवा.

एक गोष्ट मात्र सुधारली आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक असायला हवी. जुन्या भारतीय दंड संहितेत प्राण्याला मारण्याच्या किंवा जायबंदी करण्याच्या गुन्ह्यात जनावराची किंमत बघितली जायची. दहा रुपयांच्या वरचं एक कलम, पन्नास रुपयांच्या वरचं दुसरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची ती अट नाही. प्राण्याला ठार मारलं, विष घातलं, अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विष कालवायला निघालेल्या शेजाऱ्याला हे कलम आधीच मोठ्याने वाचून दाखवा.

आधी ऑपरेशन, मग वाटी

आता आमच्या लोकांशी, म्हणजे खायला घालणाऱ्यांशी बोलते.

मांजरीला चार ते सहा महिन्यांची असतानाच पहिला माज येतो. गर्भ ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही 'जरा मोठी होऊ दे' म्हणत थांबलात, की तोवर ती आई झालेली असते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. एका मादीची वर्षाला सरासरी १.४ बाळंतपणं आणि एका वेळी साधारण तीन पिल्लं. त्यातली ७५ टक्के पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. आपल्या रस्त्यांवर यापेक्षा बरं चाललंय असं समजायला काही कारण नाही. चाकाखाली, कुत्र्याच्या तोंडी, पावसात भिजून, पोटात जंत होऊन पिल्लं जातात. नसबंदी झालेल्या मादीच्या पोटी ही मरणं येतच नाहीत. मी दयेचा विचार करते तेव्हा मला पहिल्यांदा हे दिसतं.

आणि पैशाचा विचार केला तरी उत्तर तेच येतं. खासगी दवाखान्यात मादीच्या ऑपरेशनला काही हजार रुपये लागतात. आकडा ऐकून बाई मागे फिरते आणि गोळ्यांची पिशवी घेऊन येते. पण एका मादीची दोन वर्षांतली पिल्लं, त्यांचं खाणं, जंताचं औषध, डोळ्यांतला पू, जुलाब, दवाखान्याच्या फेऱ्या एकत्र करा. ऑपरेशन स्वस्त पडतं. म्हणून महिन्यात दोन हजारच हातात असतील, तर आठ मांजरांना पोटभर घालण्याआधी एका मादीचं ऑपरेशन करा आणि उरलेल्यांना महिनाभर भात-चिकनवर ठेवा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण मी हेच सांगणार.

ऑपरेशन करताना कानाचं टोक किंचित कापून घ्या. भुलेत असताना ते दुखत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच मांजरीला पुन्हा पकडून, पुन्हा उपाशी ठेवून टेबलावर घ्यायची वेळ येत नाही. बोक्यांनाही सोडू नका. नसबंदी झालेले बोके कमी भांडतात, कमी भटकतात, जिन्यात लघवीची फवारणी कमी करतात. सोसायटीच्या निम्म्या तक्रारी त्या वासाच्या असतात. वास गेला की नोटिसाही कमी होतात.

दूध नको

दया म्हणून गाईचं दूध ठेवणारे लोक अजून आहेत. ठेवू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. लहान पिल्लाला तर ते जुलाब जिवावर बेततात. अमूलचं दूध १ मे २०२५ पासून लिटरमागे २ रुपयांनी महागलंय. मांजराला अपाय करण्यासाठी ते दोन रुपये कशाला घालवता? स्वच्छ पाणी ठेवा, फुकट आहे आणि उपयोगाचं आहे.

मांजराला मांस लागतंच. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसातून, मासळीतून मिळतो. तो कमी पडला की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. नुसत्या दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर मांजर जगवणं म्हणजे त्याला हळूहळू आंधळं करणं आहे. घर शाकाहारी असेल तर पाकीटबंद खाणं द्या. घरात मांस शिजत असेल तर चिकनवाल्याकडून कोंबडीची हृदयं आणि मांसाचे बारीक तुकडे मागा, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता उकडा आणि उकळलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात टॉरिन उतरलेलं असतं. कलेजी थोडीच द्या. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून घशात अडकतात.

बाजाराचं कॅलेंडर पाठ करा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ओली मासळी महाग असते, त्या दिवसांत मासळीचा भरवसा सोडा. श्रावणात लोक चिकन बंद करतात, भाव उतरतो. तेव्हा जास्त घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा. आणि औषधाच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या तापावर कधीही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते.

खोकं

बाजाराच्या तोंडाशी, देवळाच्या पायरीवर, मांजरं सांभाळणाऱ्या बाईच्या दारात रात्री खोकं ठेवून जाणाऱ्यांनो, तुम्ही ती पिल्लं वाचवली नाहीत. आईपासून तोडलीत.

दोन आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. त्याला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही, ओल्या कापसाने पुसून करवून घ्यावी लागते. अंग गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची, मग पाजायचं. गार पिल्लाला दूध पाजलं की ते पचत नाही आणि पिल्लू दगावतं. पिल्लांच्या दुधाची पावडर महाग आहे आणि प्रत्येक गावात मिळतही नाही. हे सगळं आई फुकट आणि कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं करते. म्हणून एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. लांब उभं राहून काही तास बघा. आई बहुतेक वेळा शिकारीला किंवा दुसरी जागा शोधायला गेलेली असते. पिल्लू धोक्यात असेल, जखमी असेल, गार पडलं असेल तरच हात घाला.

आणि फोन करणाऱ्यांनो. 'तुम्ही मांजरवाल्या ना? आमच्या गाडीखाली पिल्लू आहे, घेऊन जा.' तुमच्याकडे गाडी आहे. तिच्याकडे नाही. तुम्हीच दवाखान्यात न्या, केस पेपर तुमच्या नावाने काढा, बिल भरा आणि मग तिला विचारा, पुढे कसं सांभाळू? ती आनंदाने सगळं शिकवेल. मोबाइलवर बदाम पाठवून कुणाचंही सलाइन लागत नाही. दवाखान्याचा क्यूआर कोड मागा आणि उधारीत शंभर रुपये जमा करा.

हौस फिटल्यावर

गेल्या काही वर्षांत रस्त्यावर पर्शियन मांजरं दिसू लागली आहेत. वाढदिवसाला आणलेली, मुलाचा हट्ट म्हणून घेतलेली. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, रोज विंचरले नाहीत तर केसांच्या जटा आणि त्याखाली सडलेली कातडी. खर्च झेपेना म्हणून लोक त्यांना लांबच्या वस्तीत सोडतात. गावठी मांजर निदान उडी मारून वर चढतं. पर्शियनला तेही धड जमत नाही.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, दुकानाची नोंदणी सक्तीची आहे. किती दुकानांच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र दिसतं ते तुमच्या गावात जाऊन पाहा. आणि मांजर हवंच असेल तर विकत घेऊ नका. ज्या बाईच्या घरात जागा संपली आहे तिच्याकडून एक घ्या. तिचा महिन्याचा भार तेवढा उतरेल.

नोटीस बोर्ड

सोसायटीचा नोटीस बोर्ड: 'आवारात मांजरांना खायला घालणाऱ्यांवर दंड आकारला जाईल.'  पण प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ वेगळंच सांगतात. आधीचे २००१ चे नियम नावापासून कुत्र्यांपुरते होते. नव्यांच्या नावात सगळे प्राणी आले. त्यातला विसावा नियम म्हणतो की आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं ही रहिवासी संघटनेची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. लहान मुलं खेळतात तिथे, जिन्यात किंवा प्रवेशद्वाराशी खाणं ठेवायचं नाही, वेळ ठरवायची, घाण करायची नाही, हेही त्यातच आहे.

तक्रारी खोट्या नाहीत. वास येतो, रात्री मारामाऱ्या होतात, ओरखडा लागला तर रेबीजची भीती असते. मांजरालाही रेबीज होतो. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. पण या सगळ्या तक्रारींवर इलाज नसबंदी आणि लस हाच आहे. खाणं बंद केल्याने मांजरं जात नाहीत, ती कचऱ्याच्या डब्यात शिरतात. मग पकडायला आलेल्या माणसाच्या हातीही लागत नाहीत. रोज ठरल्या वेळी वाटीपाशी येणारं मांजर पकडता येतं, त्याचं ऑपरेशन होतं.

अमरावतीचे सिव्हिल सर्जन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातल्या गावांत मांजरं आणि प्लेग यांचा ताळा पाहिला. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला. मांजरांनी प्लेग संपवला असं मी म्हणणार नाही. उंदीर संपतात ते कचरा वेळेवर उचलल्याने. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत एका सरकारी डॉक्टरने मांजराकडे आरोग्य खात्याचा विषय म्हणून पाहिलं होतं. आज मुंबई महापालिका उंदीर मारायला रात्रपाळीची माणसं नेमते, दर पावसाळ्यात लेप्टोची सूचना काढते, आणि धान्याच्या दुकानाशी उंदरांवर नजर ठेवणाऱ्या मांजराचा खर्च पोळ्या लाटणारी बाई करते.

मुंबई आणि पुणे महापालिकांनी कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नसबंदीचंही काम हाती घेतलं, हे चांगलं झालं. ते वाढलं पाहिजे, आणि लहान नगरपालिकांपर्यंत पोहोचलं पाहिजे. प्रत्येक वॉर्डात ठरलेला वार, फुकट ऑपरेशन, भाडं न देता मिळणारे पिंजरे, आणि ऑपरेशननंतर काही दिवस मादीला ठेवायला जागा. आज ती जागा म्हणजे त्या बाईच्या वन रूम किचनमधली मोरी आहे.

माणसांचं काय?

'माणसांना खायला मिळत नाही आणि तुम्हाला मांजरं सुचतात.' हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ज्या बाया रस्त्यावरच्या मांजराला वाटी ठेवतात, त्याच शेजारच्या आजारी म्हातारीला पेज नेऊन देतात. कुणाची तरी तहान-भूक बघायची सवय लागली की ती जात बघत नाही, तशी पायही मोजत नाही. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये सजीवांविषयी करुणा हे आपलं कर्तव्य म्हणून लिहिलंय. ते कर्तव्य नागरिकाचं आहे, एकट्या पोळीवाल्या बाईचं नव्हे.

आणि तिलाही एक सांगायचंय. मावशी, नाही म्हणायला शिका. खोलीत दहा असताना अकरावं घेतलं की दहाही धोक्यात येतात. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू फरशीवर, गोणपाटावर महिनोन् महिने टिकतो. बाहेरून आणलेलं एक आजारी पिल्लू घरातली सगळी बिनलसीची पिल्लं घेऊन जातं, आणि मागे राहतं ते हजारोंचं बिल. नवं मांजर दोन आठवडे वेगळं ठेवा. वेगळं ठेवायला जागा नसेल तर ते घेऊ नका. आधी आहेत त्यांना लस द्या. मुलीची फी, घरभाडं, तुमची बीपीची गोळी, यांतलं काहीही मांजरांसाठी थांबवू नका. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर त्या दहा वाट्या कोण भरणार?

वर्गणी

वर्गणी कशी काढायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत घरटी ५० रुपये काढले, तर महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये होतात. तेवढ्यात आवारातल्या चार-पाच माद्यांची ऑपरेशनं, लसी आणि बऱ्याच महिन्यांचं खाणं निघतं. ज्याला पन्नास जड आहेत त्याने ऑपरेशननंतर चार दिवस मांजर आपल्या गॅलरीत ठेवावं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने दवाखान्याची एक फेरी करावी. ज्याला मांजर आवडतच नाही त्यानेही द्यावेत, कारण नसबंदी झाली तर आवारातली मांजरं कमी होतील आणि त्यालाही तेच हवंय.

सरकारने कर उतरवावा, संसदेने तो पन्नास रुपयांचा दंड बदलावा, महापालिकेने वॉर्डात वार ठरवावा. या तिन्ही मागण्या लावून धरूच, पत्रं लिहू, नगरसेवकाला गाठू. पण त्याला वेळ लागेल आणि मांजरीची गर्भधारणा नऊ आठवड्यांची आहे. म्हणून या रविवारी आपल्या इमारतीत खाली उतरा, वाटी भरणाऱ्या त्या बाईला शोधा, आणि तिला विचारा की दवाखान्यात किती उधारी आहे. त्यातला आपला हिस्सा तिच्या हातात ठेवा आणि पुढच्या मादीच्या ऑपरेशनची तारीख तिच्यासोबत बसून ठरवा.